संकेतच्या गाडीचा स्पॉयलर

शेवटचा नट सुटला आणि डिक्कीच्या झाकणातून तांबडं पाणी माझ्या मनगटावर ओघळलं. मी पाना खाली ठेवला. सकाळपासून कंबर धरली होती, त्यात हे.

"काय झालं?" लांजेवार काकांनी विचारलं.

"गंजलंय काका. आतून."

भिलाईत माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. लांजेवार काका इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, आता दुर्गला पद्मनाभपुरात राहतात. गाडी त्यांच्या मुलाची, संकेतची. प्लांटची नोकरी नको म्हणून बाप-लेकात भांडण झालं आणि तो गाडी दारात ठेवून हैदराबादला गेला. आईशी फोनवर बोलायचा, बापाशी नाही. आता गाडी काका चालवणार होते. स्पॉयलर, म्हणजे डिक्कीवरचा तो पंख, त्यांना नको होता. काकू सोबत आल्या होत्या. खुर्चीवर बसून होत्या.

मी हीट गनने स्पॉयलरखालची चिकट टेप गरम केली, नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढत ती कापली आणि स्पॉयलर उचलला. खाली भोकं. बसवणाऱ्याने ड्रिल मारून कापलेल्या कडांना रंगच लावला नव्हता. उघडा पत्रा पावसाळ्यात कुजणारच. स्पेअर चाकाच्या खळग्यातही पाणी साचलं होतं.

"आता दोन उपाय," मी म्हणालो. "भोकात रबरी बूच बसवून सीलंट लावायचं. स्पॉयलर परत लावता येतो. नाहीतर पत्रा वेल्ड करून भोकं कायमची बंद करायची."

"वेल्ड कर," काका म्हणाले.

"बूच लावा भाऊ," काकू पहिल्यांदा बोलल्या. "पोरगा येईन तर त्याले पायजे ना त्याचा स्पॉयलर."

"कावून पायजे? तो येऊन राहिला का?" काका म्हणाले.

काकू स्पॉयलरकडे बघत राहिल्या. मी त्यांना भोकाची कड दाखवली, बोटाने दाबली तर पापुद्रा निघाला. बूच बसणार कशावर? हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण सांगितलं.

"गाडी त्याची आहे," काकू म्हणाल्या. "त्यालेच विचारते."

व्हिडिओ कॉल लागला. संकेत ऑफिसात असावा. काकूंनी फोन भोकांवर धरला.

"चलाएगा कौन? बाबा?" त्याने विचारलं.

"हो."

"फिर निकाल दो ना आई. रिव्हर्स घेताना मागचं दिसत नाही त्याने. बाबा ठोकतील कुठेतरी."

काकूंनी फोन काकांच्या हातात दिला. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"डिक्कीत पानी भरलं होतं," काका म्हणाले.

"कितना?"

"लय. स्पेअर चाकाची रिम सडली."

"बूच मत लगवाना बाबा. वेल्डिंग करवा लो."

"तेच सांगून राहिलो मी तुझ्या मायले!"

मग काका बोलत बोलत बाहेर कडुनिंबाखाली गेले. ग्राइंडर माझ्या हातात होता. सुरू केला असता तर त्यांना काही ऐकू आलं नसतं. मी काकूंच्या शेजारी बसलो. त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि मी समोरच्या नाल्याकडे बघत होतो. बऱ्याच वेळाने काका आले, डोळे लाल. "हं, कर सुरू," एवढंच म्हणाले.

कुजलेली कड कापली, तेवढ्याच आकाराचे तुकडे बसवले. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग केलं की तो तापून वाकतो. म्हणून एक टाका मारायचा, थंड होऊ द्यायचा, मग दुसरा. आतून सीलंट, वरून पुट्टी, प्रायमर. उन्हाने जुना रंग उडालेला, ठिगळ उठून दिसलं असतं, म्हणून पूर्ण झाकण रंगवलं. माझी कंबर त्यानंतर आठवडाभर सरळ झाली नाही.

गाडी न्यायला काका आले तेव्हा मी झाकणावर पाइपने पाणी सोडलं. आत थेंब नाही. काकांनी कोरड्या डिक्कीचा फोटो काढला आणि तिथेच उभं राहून मुलाला पाठवला. उत्तर येईपर्यंत गाडीत बसले नाहीत.

कोणाला स्पॉयलर लावायचाच असेल तर लावा. फक्त ड्रिल मारल्यावर कडांना रंग लावून घ्या, समोर उभं राहून. नंतर ते दुरुस्त करायला फार वेळ लागतो.