भुवया वर म्हणजे हो

आमच्या घरी खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा धरणग्रस्तांच्या संघटनेचं काम करायचे, आणि सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांवर बसून मी कितीदा तरी वरणभात खाल्लाय. पुढे इंग्लंडात, मेडनहेडच्या एका नकाशांच्या कंपनीत नोकरी धरली, पण सवय गेली नाही. कुठे अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो, विचार मागून येतो.

ती आमच्या ऑफिसात आली तेव्हाही तसंच झालं. ती इनुइट, कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या गावातली, वयाने माझ्याएवढीच. जमीन आणि नैसर्गिक संपत्तीच्या व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करत होती आणि त्यातलं नकाशांचं प्रशिक्षण आमच्याकडे होतं. शेवटी तोंडी परीक्षा. ती पास झाली तरच गावच्या जमीन कार्यालयातल्या जागेसाठी तिला अर्ज करता येणार होता. खाण काढायची, रस्ता न्यायचा, तर आधी गावकऱ्यांची सुनावणी घेऊन शिफारस करतं ते हे कार्यालय. त्या खुर्चीवर आजवर गावातलं कोणी बसलेलं नव्हतं. दक्षिणेकडून माणसं येत, एक-दोन हिवाळे काढत आणि निघून जात.

तिच्या तयारीची जबाबदारी माझ्याकडे आली. राहायलाही ती आमच्याचकडे, वॉटफर्डला. आमच्याकडे म्हणजे मावशींकडे. हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या या डॉक्टरीणबाईंच्या घरात मी भाड्याने राहते.

पहिल्या रात्री जेवताना मावशींनी तिला विचारलं, आमटी आणखी वाढू? तिने भुवया उंचावून त्यांच्याकडे पाहिलं.

"अगं, ही डोळे मोठे करून बघतेय," मावशी मला मराठीत म्हणाल्या. "तिखट लागली वाटतं." आणि डाव पातेल्यात परत गेला. भाताचंही तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी मोटरवेवर गाडीत तिने सांगितलं. भुवया वर म्हणजे हो. नाक आक्रसलं म्हणजे नाही. त्यांच्याकडे त्यासाठी तोंड उघडावं लागत नाही.

"काल मी दोनदा हो म्हटलं," ती म्हणाली. "दोन्ही वेळा जेवण परत गेलं. मला वाटलं, तुमच्यात पाहुण्याला नुसतं विचारायची पद्धत आहे."

हे कळल्यावर मावशींनी कपाळाला हात लावला. "जन्मभर पेशंटचे चेहरे वाचले, आणि घरात पोरीला अर्धपोटी निजवलं." त्या रात्री त्यांनी न विचारताच वाढलं.

"पण तुम्ही दोघी मान अशी डोलवता," तिने त्यांना विचारलं, "ते हो असतं की नाही?"

"ते ज्याचं त्याने ठरवायचं," मावशी म्हणाल्या.

परीक्षेची रंगीत तालीम घेतली तेव्हा मात्र हसू आलं नाही. ऑफिसातल्या एकाने परीक्षक होऊन प्रश्न विचारले. तिने भुवयांनी हो म्हटलं, त्याला वाटलं हिला येत नाही, तो पुढच्या प्रश्नावर गेला. सगळं येत असून ती कोरी दिसत होती.

"तिला तोंडाने हो म्हणायला शिकव," मावशी म्हणाल्या.

"तिने का बदलायचं? परीक्षकांनी शिकावं."

"तुझी तत्त्वं तुझ्याजवळ ठेव. नापास ती होईल."

ती ऐकत होती. मग तिने गावातली एक सुनावणी सांगितली. खाणीच्या रस्त्याची. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने म्हाताऱ्या माणसांना विचारलं, हा रस्ता चालेल का? एकेकाने नाक आक्रसलं. तो थोडा थांबला आणि हरकत कोणाचीच नाही असं धरून चालला. रस्ता झाला. तिच्या आजोबांचा कॅरिबू हरणांच्या शिकारीचा तळ त्या रस्त्याखाली गेला.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, आत्ता पत्रक लिहिते, इंग्रजीत लिहिते, सगळीकडे पाठवते.

"लिही," ती म्हणाली. "पण पत्रक वाचून त्या माणसाला नाक दिसायला लागणार नाही. मला त्याची खुर्ची हवी आहे."

परीक्षा आमच्याच ऑफिसच्या वरच्या मजल्यावर झाली. मला मागे बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. समोर तीन परीक्षक, मधल्या बाई पिकल्या केसांच्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, तुम्ही गावाच्या जमिनीचा नकाशा स्वतः केला आहे का?

तिने भुवया उंचावल्या.

बाई थांबल्या. शेजारच्या परीक्षकाने पेन खाली ठेवलं. आता पुढचा प्रश्न येणार, मला वाटलं, आणि संपलं.

"मी आत्ता तुम्हाला उत्तर दिलं," ती शांतपणे म्हणाली.

मग तिने त्यांना भुवया सांगितल्या, नाक सांगितलं, रस्त्याची ती सुनावणीही सांगितली. आवाज चढला नाही. मी असते तर पहिल्या वाक्यालाच टेबलावर मूठ आपटली असती. "या नोकरीत नकाशा लागतो आणि कायदा लागतो, तो मी शिकले," ती म्हणाली. "पण समोरच्याने नाही म्हटलेलं दिसावंही लागतं." त्यानंतर मातीचे, पाण्याचे, कायद्याचे प्रश्न आले. तिने सगळ्यांची उत्तरं तोंडाने दिली, नेटकी दिली.

शेवटी बाईंनी विचारलं, एवढं शिकल्यावर परत गावी जाणार?

भुवया वर गेल्या. बाई या वेळी थांबल्या नाहीत. मान हलवून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

परतताना मी विचारलं, "पहिल्या प्रश्नाला मुद्दाम गप्प बसलीस ना?"

तिने नाक आक्रसलं. "सवयीने झालं. मग म्हटलं, झालंच आहे तर वाया कशाला घालवा."

ती पास झाली. काही महिन्यांनी ती जागाही तिला मिळाली. माझं पत्रक अर्ध्यावरच होतं. परवा व्हिडिओ कॉलवर ती दिसली तेव्हा तिच्या मागच्या भिंतीवर मोठा नकाशा होता. पहिली सुनावणी नुकतीच आटोपली होती. पुन्हा रस्त्याचीच.

"काय झालं?" मी विचारलं.

"म्हातारी माणसं आली होती. काही बोलली नाहीत."

"मग?"

"मग मी विरोध नोंदवला. प्रत्येकाचा वेगळा."

मावशी माझ्या खांद्यावरून वाकल्या. "जेवलीस का गं?" त्यांनी मराठीतच विचारलं. तिला काय समजलं कोण जाणे. तिने भुवया उंचावल्या, आणि मावशी समाधानाने स्वयंपाकघरात निघून गेल्या.