उलथापालथबाईंची पारख

जुनं सामान विकत घेणाऱ्या त्या बाईंना आमच्या गल्लीत सगळे उलथापालथबाई म्हणतात. वस्तू कोणतीही असो, त्या आधी ती उलटी करतात, मगच भाव सांगतात. पूर्वी त्या कारखान्यात पंखे जोडायच्या. कारखाना बंद पडला तेव्हा पगाराऐवजी चाळीस पंखे हातात आले, आणि ते विकता विकता हा धंदा अंगवळणी पडला.

माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, शनिवारपर्यंत नव्या खोलीची अनामत भरायची होती. खोली एकच, म्हणून शिलाई मशीन सोडून बाकी सगळं विकायचं ठरलं. मशीनवर त्यांचं पोट होतं. त्यांची सगळी भिस्त सोफा आणि टीव्हीवर होती.

मंगळवारी बाई आल्या. सोफ्याखाली हात घालून त्यांनी भुसा काढून दाखवला. टीव्हीकडे तर पाहिलंही नाही. लोखंडी कढया, पितळी डबे, मोठा पाना आणि जुना पंखा मात्र भराभर बाजूला काढला. मला नवल वाटलं. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, जे उघडता येतं आणि दुरुस्त होतं, त्यालाच गिऱ्हाईक मिळतं. जे नुसतं नवं दिसतं ते दुकानातून निघतानाच जुनं होतं.

मग त्या कपाटापाशी थांबल्या. ते नीट दिसावं म्हणून वन्संनी आदल्याच आठवड्यात त्याला स्वतः हिरवा ऑइलपेंट दिला होता. बाईंनी खाली वाकून तळाशी नख मारलं आणि कपाळावर हात नेला.

"ताई, सागवान आहे हो हे. झाकलंत कशाला?"

"चार डाग होते. पाहुण्यासमोर कोणी फाटकी साडी नेसतं का?"

"डाग दिसले तर गिऱ्हाईक घासाघीस करतं. रंग दिसला की ते येतच नाही. खाली काय लपवलंय, हीच शंका."

हिशेब केला तर अनामतीला बरेच कमी पडत होते. मशीन दिलंत तर आज भागेल, असं बाई हळूच म्हणाल्या. वन्संनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग त्यांनी एवढंच विचारलं, "रंग काढला तर?"

शुक्रवारपर्यंत डाग दिसू द्या, मी येते, असं सांगून बाई गेल्या.

तीन दिवस आम्ही दोघी म्हाताऱ्या पॉलिश पेपर घेऊन कपाटाला भिडलो. नाकातोंडात हिरवी भुकटी गेली. मला तर चौथ्या खणानंतर त्या लाकडाच्या रेघा वाचायचा छंदच लागला. शुक्रवारी बाईंनी दिवा धरून कपाटाचा प्रत्येक खण उलटा केला, डाग मोजले, एका डागावर घासाघीसही केली, आणि पैसे ठेवले.

अनामत भरली. नव्या खोलीत मशीन खिडकीशी लावल्यावर विकलेल्या पलंगाच्या जागी दुसरा घ्यायलाही जागा उरली नाही. वन्सं खाली गादी घालून झोपतात, आणि पाठ दुखते म्हणून तक्रार मात्र माझ्याकडे करतात.