वीरभद्रअप्पाची तीन बोटं

लातूरच्या एका गल्लीतल्या स्टुडिओत वीरभद्रअप्पाने अकरा वर्षं कॉम्प्युटरवर गाणी कापून जुळवली. भजनं, लग्नाची गाणी, निवडणुकीची गाणी, खत-बियाण्यांच्या जाहिराती. उजव्या हातात माउस आणि डावा हात कीबोर्डवर. तो डावा हात म्हणजे स्टुडिओचा खरा कारभारी. गाणारा खोकला की पुढची ओळ यायच्या आत खोकला कापलेला. बटणांवरची अक्षरं कधीच पुसून गेली होती, पण अप्पाचं काही अडलं नाही. आठवीपर्यंत शिकलेला माणूस, इंग्रजीची धास्तीच; अक्षरं गेली ते बरंच झालं, म्हणायचा.

गेल्या ऑक्टोबरात रेणापूरकडे भावाच्या शेतात सोयाबीनची मळणी होती. अप्पा रविवारचा गेला. गप्प बांधावर बसायचं की नाही? पण हौस दांडगी. मळणीच्या हडंब्यात सोयाबीन टाकायला उभा राहिला आणि यंत्राने डाव्या हाताची तीन बोटं नेली. करंगळी, तिच्या शेजारचं आणि मधलं.

पट्टी सुटल्यावर तो भीतभीतच स्टुडिओत आला. मालक महांतेश त्याच्या लहानपणापासूनचा दोस्त. म्हणाला, "वीरभद्रा, घोर करू नको. माझी भाची उज्वला बसंल मशीनवर. तू शेजारी बसून सांग, ती दाबंल. तुझी खुर्ची कुठं जात न्हाई."

अप्पाचा जीव भांड्यात पडला. पंचेचाळिशीच्या माणसाला दुसरं येत काय होतं?

पहिल्याच सकाळी उज्वलाने विचारलं, "अप्पा, तुकडा पाडायचं बटण कोणतं हो?"

अप्पाने कोऱ्या बटणांवरून नजर फिरवली. लाख वेळा दाबलेलं बटण, पण ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी कागदावर लिहून सगळी बटणं पाठ केली होती; पुढे बोटांना ती येऊ लागली आणि डोक्यातून कधी गेली ते कळलंच नाही. त्यात निम्मी त्याने स्वतःच्या सोयीने बदलून ठेवलेली. ज्या बोटांना ठाऊक होतं ती आता रेणापूरच्या मातीत. लाजेने त्याचे कान तापले. "दुपारी सांगतो," म्हणत तो उठला आणि टपरीवर नुसता उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी भजन चालू होतं. गाणारा खोकला, अप्पाने सवयीने हात उचलला, आणि नसलेलं मधलं बोट खाली गेलं. कुठं गेलं ते त्याला स्वच्छ कळलं.

"थांब पोरी." त्याने डोळे मिटले. "मधली ओळ. डावीकडून तिसरं."

उज्वलाने दाबलं. तुकडा पडला.

"लई झकास, अप्पा!" ती म्हणाली आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. अप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग रोज तेच. गाणं लावायचं, डोळे मिटायचे, नसलेली बोटं जातील तिथलं बटण सांगायचं. ती बोटं दुखायची, आणि चोळायला तर काही नव्हतं. तरी त्या दिवसांत अप्पा सुखी होता. महिन्याभरात सत्तावीस बटणं निघाली. शेवटचं एक उरलं तेव्हा, एवढं तरी आपल्यापाशी ठेवावं, असं त्याच्या मनात आलं. लगेच स्वतःची शरम वाटली. पोरगी जीव ओतून शिकत होती. त्याने तेही सांगितलं.

उज्वलाने सुवाच्य अक्षरात यादी करून स्क्रीनखाली चिकटवली. पहिले काही दिवस ती यादीकडे बघायची आणि अप्पाकडेही. मग अप्पाकडे बघणं सुटलं. पंधरा दिवसांत यादीकडे बघणंही सुटलं.

शनिवारी महांतेशने चहा मागवला. स्वतःच्या हाताने अप्पाला कप दिला आणि नजर कपावरच ठेवली. "वीरभद्रा, सोमवारपासून घरी आराम कर. काही अडलं तर फोन करतोच की."

"हाव," अप्पा म्हणाला. दोस्ताशी भांडायला तरी काय घेऊन भांडणार? सगळं तर स्क्रीनखाली चिकटवलेलं होतं.

उज्वलाचं लक्ष नव्हतं. तिच्या कानाला हेडफोन, स्पीकरवर भजन. अप्पा दाराशी चपला घालत होता. गाणारा खोकला. अप्पाचं नसलेलं बोट खाली गेलं, पण उज्वलाने तोवर खोकला कापला होता.