डावीकडचा व्रण

माणिकपूरच्या हॉस्पिटलात बाकावर एक केळीबागवाले गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. नखांत माती, सदऱ्याच्या खिशात सोनचाफ्याची दोन फुलं. माझ्या पेसमेकरच्या जागी पू झाला होता. डॉक्टर म्हणत होते, मशीन वायरींसकट काढावं लागेल. मी मात्र नुसत्या गोळ्यांवर अडून बसलो होतो आणि बायको मला समजावत होती.

ते ऐकून त्यांनी शांतपणे सदऱ्याची बटणं काढली. डावीकडे जुना व्रण होता, उजवीकडे नव्या मशीनचा उंचवटा.

"माझंही असंच पिकलं होतं. दोन महिने मलमं चोळत बसलो. आणि जन्मभर लोकांना सांगतोय, केळीचा गड्डा सडला तर वरून कापू नका. सगळा उपटा, नवी केळ दुसऱ्या खड्ड्यात लावा." ते स्वतःशीच हसले. "स्वतःच्या छातीपुरती अक्कल चालली नाही, भाऊ."

"आणि डावीकडे?" मी विचारलं.

"पडीक ठेवलीय."

नंबर लागला तसं एक फूल माझ्या हातात ठेवून ते आत गेले. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता माझंही मशीन उजवीकडे आहे. परवा तपासणीला गेलो, तर बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांचंही मशीन पिकलेलं, आणि ते गोळ्यांवरच अडून बसलेले. बोळिंजच्या फ्लॅटात राहणाऱ्या मला केळीतलं काही कळत नाही. तरी मी बटणं काढली आणि गड्ड्यापासून सुरुवात केली.