मॅडमची पेज

मॅडम गेल्या त्या सकाळी मी तांदूळ धूत होते. सर स्वयंपाकघराच्या दारात आले, "मम्मी इज गॉन" एवढंच म्हणाले आणि मी गॅस बंद केला. त्याला सहा आठवडे झाले. मी वसईची, चौथी शिकलेली. आखातात, फुजैराला, या इंग्रज मायलेकांकडे नऊ वर्षं स्वयंपाक करते. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही...

पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून चूक झाली. आमच्याकडे भात गाळून निघालेली पेज मीठ घालून पितात. पण साहेबाच्या घरात ती गरिबी दिसायला नको म्हणून मी गुपचूप सिंकमध्ये ओतू लागले. मागून मॅडम ओरडल्या, "मोरी में मत डालो!" मला वाटलं, गेला व्हिसा. त्यांनी उरलेली पेज वाडग्यात घेतली आणि उभ्या उभ्या प्यायल्या. तेव्हापासून रोज दुपारी दोन वाडगे, एक त्यांचा, एक माझा.

कारण हळूहळू कळलं. मॅडम कलकत्त्याला वाढलेल्या, त्यांचं हिंदी तिथलं. महायुद्धात बंगालमध्ये दुष्काळ पडला तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. वडील इंग्रज सरकारचे अधिकारी. जपानी येतील या भीतीने सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या, फोडल्या. त्यातल्या कितीतरी या वडिलांच्या हुकमाने. होड्या नाहीत, तर धान्य-मासळी येईना. मग उपाशी माणसं बंगल्याच्या फाटकाशी येऊ लागली. भात नाही, नुसती पेज मागायची. खानसामा द्यायचा. गर्दी वाढली तशी वडिलांनी फाटक लावून घेतलं आणि पेज गटारात ओतायला सांगितली. "मैंने खिडकी से देखा," मॅडम म्हणायच्या.

त्या वडिलांचा फोटो हॉलमध्ये आहे. सर पाहुण्यांना अभिमानाने सांगत, आजोबांनी दुष्काळात माणसं जगवली. एकदा पाहुण्यांसोबत जेवताना ते तेच सांगू लागले, तशा मॅडम मोठ्याने म्हणाल्या, "लाय!" म्हणजे खोटं. सगळ्यांचे चमचे थांबले. मम्मी थकली आहे, असं हसून म्हणत सरांनी त्यांना आत नेलं. पुढे कधी तो विषय काढू दिला नाही.

शेवटच्या आठवड्यात मॅडमनी माझं मनगट धरलं. "फिलू, मेरे बाद तू उसको बोलना."

"इन्शाल्ला, मॅडम."

"इन्शाल्ला तो यहाँ हर प्लंबर बोलता है. हाँ बोल!"

मी हो म्हटलं.

पण सहा आठवडे जीभ रेटेना. नोकरी सरांच्या हातात... काल दुपारी ते मॅडमच्या स्मरणसभेत, चर्चमध्ये वाचायचा कागद लिहीत होते. मला बोलावून वाचून दाखवला. त्यात पुन्हा तेच, आजोबांनी माणसं जगवली. मी आत गेले आणि पेजेचा वाडगा आणून त्यांच्यापुढे ठेवला.

"व्हॉट इज धिस?"

"मॅडमची पेज." आणि माझ्या मोडक्या हिंदी-इंग्रजीत सगळं सांगितलं. होड्या, फाटक, गटार, खिडकी. सरांचा चेहरा लाल झाला.

"खलास, फिलू. गो."

मी खोलीत जाऊन बॅग खाली काढली.

आज सकाळी ते कामावर गेले. फोटो भिंतीवर तसाच आहे. टेबलावर तो कागद नाही. आणि सिंकपाशी वाडगा धुऊन पालथा घातलेला. नऊ वर्षांत सरांनी साधा चमचा धुतला नव्हता. पेज प्यायले की ओतली, हे विचारायचं धाडस मला नाही...

दुपारी भात गाळला, तेव्हा मी दोन वाडगे मांडले, एक माझा, एक सरांचा.