उत्तराबाईंच्या वर्गातली एकच चिमणी

डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनच्या अंगाला एक मराठी प्राथमिक शाळा आहे. तिथल्या उत्तराबाईंच्या हाताखालून गेलेली मुलं आता आपल्या मुलांना सोडायला फाटकाशी येतात आणि बाई दिसल्या की भर रस्त्यात पाया पडतात. फळ्यावरचं अक्षर असं की पुसायला जिवावर यावं. वर्ग चिडीचूप. अशा बाईंना हेवा वाटावा तरी कुणाचा? तर शेजारच्या वर्गावरच्या कादंबरी नावाच्या शिक्षिकेचा, जिला नोकरीला लागून उणीपुरी दोन वर्षं झाली होती.

कादंबरीने तिसरी 'ब'च्या मुलांना कल्पनावह्या दिल्या होत्या. डोक्यात येईल ते लिहायचं. प्रश्न, चित्र, काहीही. लाल पेन नाही, गुण नाहीत. मुलं लिहायला बसली की कादंबरीही खाली सतरंजीवर बसून आपली वही लिहायची.

"शुद्धलेखनाच्या नावानं बोंब, आणि म्हणे कल्पना!" उत्तराबाईंनी हसण्यावारी नेलं.

पण त्यांच्या 'अ' वर्गातली सान्वी, त्यांची लाडकी, मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून 'ब'च्या दाराशी घुटमळायला लागली. एकदा तर तिनं त्यांच्यादेखत कादंबरीच्या हातात कागदाचा कपटा दिला. 'एमआयडीसीतल्या कारखान्यांचा वास झोपतो कधी?' कादंबरी खळखळून हसली, सान्वीही. उत्तराबाईंच्या मनात आलं, ही पोर मला फक्त 'बाई, पाणी पिऊन येऊ?' एवढंच विचारते.

त्यात ठाण्याचं बोलावणं आलं. माजिवड्याच्या सभागृहात शिक्षकांची परिषद होती; प्रत्येक शाळेतून एका शिक्षकाने आपला उपक्रम मांडायचा. आजवर अशा प्रत्येक प्रशिक्षणाला उत्तराबाई खाली खुर्चीत बसून टिपणं काढून आल्या होत्या. पुढच्या वर्षी निवृत्ती. एकदा, एकदाच त्यांना त्या माइकसमोर उभं राहायचं होतं.

"मी पण घेते कल्पनावह्या," त्यांनी मुख्याध्यापिका देवयानीबाईंना सांगून टाकलं. "वह्या बघा आणि मग ठरवा कोणाला पाठवायचं ते."

त्या दिवसापासून घरच्या पूजेतही मन लागेना. अथर्वशीर्ष अर्ध्यावर आलं की कादंबरी डोळ्यांपुढे उभी. यजमान हरिहरराव पेपरातून डोकं काढून म्हणाले, "अगं, जास्वंद वाहतेयस की कुणाला फेकून मारतेयस?"

"गप्प बसा हो तुम्ही!"

वर्गात वह्या वाटल्या. खाकी कव्हरं, नावाच्या चिठ्ठ्या, सगळं झोकात. पण मुलं पेन्सिली चावत बसली. "बाई, काय लिहू?" "बाई, समास सोडायचा?" ती शांतता उत्तराबाईंना सोसवेना. त्यांनी फळ्यावर नमुना लिहून दिला, 'चिमण्या कुठे गेल्या असतील?' "असं काहीतरी लिहा बघू."

बाईंची मुलं आज्ञाधारक. भराभर पेन्सिली चालल्या. बाईंनी रात्री ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सुधारलं आणि समाधानानं गठ्ठा बांधला.

शिक्षक-खोलीत देवयानीबाईंनी वरची वही उघडली. चिमण्या. दुसरी उघडली. चिमण्या. तिसरीतही त्याच.

"उत्तराबाई, अहो, अख्ख्या वर्गाची एकच चिमणी हरवलीय की काय?"

सगळ्या हसल्या. कादंबरी तेवढी हसली नाही, मान खाली घालून आपल्या मळक्या वह्या आवरत राहिली. तेच उत्तराबाईंना जास्त झोंबलं. हसली असती तर बरं झालं असतं.

ठाण्याला कादंबरी गेली. तिचा वर्ग त्या दिवशी सांभाळायला कोण? उत्तराबाईच. दोन्ही वर्ग एकत्र बसवले, तर 'ब'ची पोरं आपणहून सतरंजीवर वह्या काढून बसली.

"बाई, तुम्ही पण लिहायचं," विनीत नावाचा एक दात पडलेला मुलगा म्हणाला.

"मला काही सुचत नाहीये रे."

"मग 'सुचत नाही' असं लिहा. आमच्या बाई लिहितात."

"तुमच्या बाईंना सुचत नाही? कधी?"

"लई वेळा!"

उत्तराबाई गुडघे धरत खाली बसल्या. कागदावर 'सुचत नाही' लिहिलं. आपलंच सुंदर अक्षर आज त्यांना परकं वाटलं. शेजारी सान्वी कोऱ्या पानाकडे बघत होती. बाईंचा हात सवयीनं शेजारी ठेवलेल्या खडूकडे गेला, आणि त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला. बराच वेळ गेला. मग सान्वीने लिहिलं, आणि वही हळूच बाईंकडे सरकवली. 'आजी माळेचे मणी मोजते. देव पण मोजतो का?'

"बाई, मोजतो का हो?"

बाई स्वतः रोज जप करायच्या. "माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. सान्वी खुदकन हसली. या वेळी बाईंकडे बघून.

दुसऱ्या दिवशी कादंबरी ठाण्याहून मिळालेलं गुलाबाचं रोप घेऊन आली. सगळ्यांनी अभिनंदन केलं. उत्तराबाईंनीही केलं, जिभेला ते कडूच लागलं. खोली रिकामी झाल्यावर मात्र त्या तिच्यासमोरची खुर्ची ओढून बसल्या. बोलायला जड गेलं.

"मुलं काहीच लिहीत नाहीत, तेव्हा तू काय करतेस गं?"

कादंबरी दचकली. "काही नाही उत्तराताई. थांबते. पहिल्या वर्षी मीही फळ्यावर नमुना द्यायचे. सगळ्यांचं एकच फुलपाखरू!"

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला? मी?"

उत्तराबाईंनी खुर्ची आणखी पुढे ओढली. गुलाबाच्या रोपाकडे एकदा नीट डोळे भरून पाहून घेतलं, हेवा वाटायचा तेवढा वाटू दिला, आणि म्हणाल्या, "बरं, थांबायचं म्हणजे किती थांबायचं, ते सांग."