चाळ बांधलेला पाय

माझा धंदा नारळाचा. दिघीच्या आसपासच्या वाड्यांमधून माल उचलायचा आणि माणगावच्या बाजारात घालायचा. बापाची वाडी नव्हती, दुकान नव्हतं. होते ते कान. दोन नारळ एकमेकांवर आपटले की कुठला भरलेला आणि कुठला नुसता दिसायला मोठा, हे मला कळतं. त्याच कानांच्या जिवावर मी बॅण्डही चालवला.

आम्ही चौघं ब्रुटल डेथ मेटल वाजवतो. गिटारी इतक्या खाली उतरवलेल्या की तारा लोंबतात, ड्रमचा मारा श्वास घेऊ देत नाही आणि शब्द घशाच्या तळातून खरवडून काढायचे. ते खरवडणं माझ्याकडे. बाजारात इतकी वर्षं ओरडल्यावर घशाला वेगळी तालीम लागली नाही. त्यात आम्ही हार्डकोरचा मोडता ठेका घातला: सुसाट चाललेलं गाणं मध्येच जड होतं आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप खाली जाते.

आमच्या अल्बमची नऊ गाणी होती. आठ झाली, अडलं ते शेवटचं. ते सगळंच्या सगळं जड, आणि त्याचा ठेका जाखडी नाचाचा. आमचा ड्रमर तळा तालुक्यातला. गौरी-गणपतीत गोल धरून नाचणाऱ्यांच्या मधोमध लहानपणापासून मृदंग घेऊन बसलेला. नाचणाऱ्याच्या उजव्या पायात घुंगरांचा चाळ असतो. तो पाय जमिनीवर पडायला किंचित उशीर करतो आणि मृदंगवाला त्याच्यासाठी थांबतो. तेवढ्या थांबण्यातच गाण्याचं वजन होतं.

रेकॉर्डिंग नवी मुंबईच्या एका साउंडवाल्याने स्वतःच्या यंत्रावर केलं होतं; त्याने ते वजनच काढून टाकलं. त्याच्या कॉम्प्युटरवर मात्रा दाखवणाऱ्या उभ्या रेघा असतात. त्याने एकेक ठोका उचलून रेघेवर नेऊन बसवला आणि मला फोन केला.

"दादा, ड्रमर लेट पडत होता. मी टाइट करून दिलंय."

"लेट? तो थांबत होता!"

"थांबला म्हणजे लेटच ना, भाई? गावचं नाचगाणं वेगळं, मेटल वेगळं."

हाच माणूस तीन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात स्टेजवरून म्हणाला होता, 'आता गावाकडची पोरं आलीत, जरा सांभाळून घ्या.' तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो आणि माझे दोन टेम्पो होते. ते 'पोरं' मी विसरलो नव्हतो. माझं डोकं फिरलं. "त्या गाण्याचे ड्रम पुसून टाक," मी ओरडलो, "तुझ्याकडे काही ठेवू नकोस!"

त्याने पुसले. मूळचेसुद्धा. यंत्र त्याचं, दुसरी प्रत कुठेच नाही. सौद्यात मी एवढा मूर्खपणा कधी केला नव्हता.

ड्रमर म्हणाला, "परत वाजवतो. पण एकट्याला न्हाय जमायचं. मागच्या येळी नाच डोक्यात ताजा व्हता." मी म्हटलं, "मग नाच आणू."

आधीचं रेकॉर्डिंग ड्रमरच्या चुलत्याच्या भातगिरणीच्या गोदामातच झालं होतं, तेव्हा ते रिकामं होतं. आता भाताची पोती छतापर्यंत रचलेली. मधे ड्रम आणि भोवती नाचाचा गोल एवढंच जेमतेम मावलं. सकाळी दहाला त्याचे वडील आणखी पाच जणांना घेऊन आले, सगळे साठीच्या पुढचे. गिटारवाल्याने लॅपटॉप लावला, माइक उभे केले आणि म्हणाला, घुंगरं माइकमध्ये येतील. मला पटलं. मी सगळ्यांना चाळ सोडायला लावले.

दुपारपर्यंत एकही टेक धड झाला नाही. माणसं मुरलेली, कोबा सपाट, पण पाय कधी लवकर पडत, कधी दोघांचे वेगवेगळे. मी पोत्यावर मूठ आपटून ओरडलो, "काका, आयुष्यभर नाचलात ना?"

ड्रमरचे वडील शांतपणे घाम पुसत म्हणाले, "शेट, ओरडून पाय पडत न्हाय. चाळाचा भार हाय म्हनून पाय थांबतो. तुमी भारच काडलाव. आता नुसती तंगडी हालते."

बाकीचे पाच जण फिदीफिदी हसले. मी आयुष्यभर वजनावर पैसे मिळवले आणि वजन कुठे आहे ते मला कळलं नव्हतं. "बांधा," मी म्हणालो. "घुंगरं आली तर येऊ देत."

दुसऱ्याच टेकला झालं. पोत्यांनी घुमणारा आवाज गिळला होता, त्यामुळे ठोका कोरडा आणि जवळ आला, आणि प्रत्येक जड ठोक्याच्या पाठीला घुंगरांची बारीक किरकिर.

तो टेक घेऊन मी स्वतः नवी मुंबईला गेलो. दुसरा साउंडवाला मिळाला असता, पण मला ते त्याच्याच हातून करून घ्यायचं होतं. जाताना ठरवलं होतं, मागायचं जास्त. बसल्याबसल्या सांगितलं, नऊच्या नऊ गाणी रेघेवरून खाली काढ.

"पागल आहेस का, दादा? आठ गाणी फास्ट आहेत. विस्कटतील."

हे मलाही माहीत होतं. "मग आधी हे ऐक," मी म्हणालो. त्याने लावलं. घुंगरं आल्यावर तो म्हणाला, "ये नॉइज निकालना पडेगा." मी गप्प बसलो. धंद्यात मला हेच सगळ्यांत अवघड जातं, पण बसलो. मी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हतो, टेबलाखाली बघत होतो. ठेका भरत गेला आणि त्याची उजवी चप्पल हलायला लागली. रेघेवर नाही. जरा उशिरा, घुंगरांबरोबर.

वाडीवाल्याला भाव पटला की तो बोलायच्या आधी गोणीचं तोंड बांधायला घेतो. मी गाणं संपू दिलं.

"आठ तुझ्या रेघेवर," मी म्हणालो. "नववं असंच. एक ठोका हलवायचा नाही, एक घुंगरू काढायचं नाही."

माझी नजर कुठे होती ते ओळखून त्याने आपल्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठीक है," तो म्हणाला. "चाय मागवू?"

"नको," मी म्हणालो. ते 'पोरं' अजून माझ्या डोक्यात होतं. मी खुर्ची त्याच्या शेजारी ओढली आणि नववं गाणं पुरं होईपर्यंत त्याच्या हातावरची नजर हलवली नाही.